केमो एका दिवसाची, उरलेले वीस दिवस घरचे

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात फ्रिजवर लाल पाठीची एक लांबट वही अजून आहे, दुकानदार उधारी मांडतात तसली. मी नोकरीची सगळी वर्षं कारखान्याच्या स्टोअर्समध्ये काढली. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, स्तनाचा कॅन्सर आहे हे कळलं आणि दोन दिवस काही सुचेना. तिसऱ्या दिवशी मंगळ बाजारातून वही आणली आणि पहिल्या पानावर तारीख घातली. ही म्हणाली, "अहो, मी काही स्टॉक नाहीये." पण पुढचं वर्षभर डॉक्टरांनी काहीही विचारलं की तीच माझ्याकडे बोट दाखवायची, "वहीत बघा."

हे सगळं त्या वहीतलं आहे. हिच्या पहिल्या चार केमो दर २१ दिवसांनी होत्या. त्यातला एक दिवस हॉस्पिटलचा, बाकीचे वीस आमचे. त्या विसांबद्दल आम्हाला मिळाला तो एक छापील कागद, तोही इंग्रजीत आणि गुजरातीत. तुमचा आजार वेगळा असेल, औषध वेगळं असेल, तेव्हा इथला प्रत्येक आकडा आपल्या डॉक्टरांकडून पक्का करून घ्या. पण घर लावायची रीत बऱ्यापैकी सारखीच असते.

आधी कागद

एक फाईल, तीन कप्पे. पहिल्यात बायोप्सीचा रिपोर्ट आणि गाठीच्या तपासण्या (स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू, यांच्यावर पुढची औषधं ठरतात). दुसऱ्यात स्कॅन, सीडीसकट. तिसऱ्यात बिलं, अस्सल वेगळी आणि झेरॉक्स वेगळ्या. प्रत्येक कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये हवा.

गाठीचा तुकडा मेणात बसवून प्रयोगशाळेत जपून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. दुसरीकडे मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट चालत नाही, तिथले पॅथॉलॉजिस्ट ब्लॉक आणि काचेच्या स्लाईड स्वतः पाहतात. त्या सही करून घ्याव्या लागतात आणि काम झाल्यावर परत मागून घ्याव्या लागतात. कुणी म्हणेल की सुई लावली, आता पसरणार. आमच्याकडे दोघांनी हे म्हटलं, त्यात एक इंजिनियर. बायोप्सीने कॅन्सर पसरतो या समजुतीला आधार नाही, आणि बायोप्सीशिवाय उपचार सुरू करणं म्हणजे चलन न बघता माल उतरवून घेणं.

पहिल्या भेटीत चार गोष्टी विचारा आणि उत्तरं तिथेच बसून लिहा. उपचार आजार पूर्ण बरा करण्यासाठी आहे की ताब्यात ठेवण्यासाठी? एकूण काय-काय होणार आणि कुठल्या क्रमाने? खर्चाचा अंदाज किती? आणि रात्री दोन वाजता ताप चढला तर फोन कुणाला करायचा? चौथ्याचं उत्तर जिथे गुळमुळीत मिळेल तिथे पुन्हा विचारा, वाईट दिसलं तरी चालेल. वय कमी असेल, पुढे मूल हवं असेल, तर तेही केमोच्या आधीच बोलायचं असतं, नंतर नाही.

पेशंटला सांगायचं की नाही? माझी बहीण म्हणत होती, वहिनीला काही कळू देऊ नकोस. पण हॉस्पिटलच्या दारावर मोठ्या अक्षरांत कॅन्सर लिहिलेलं असतं आणि हिला वाचता येतं. मी सांगितलं. दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी विमाएजंटाला फोन हिनेच लावला.

इथे, अहमदाबादला की मुंबईला

वडोदऱ्यात आता केमो आणि रेडिएशन दोन्ही होतं. वाघोडिया तालुक्यात गोरजला मुनि सेवा आश्रमाचं कैलाश कॅन्सर हॉस्पिटल आहे. अहमदाबादला सिव्हिलच्या आवारात गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. तरी मराठी घरात टाटाचं नाव निघतंच, कारण परळला कुणाचा तरी मावसभाऊ राहतो. टाटा मेमोरियल १९४१ पासूनचं, अनुभव अफाट आणि गर्दीही तेवढीच. माझं मत सांगतो: मत मुंबईचं घ्या, आजार फार गुंतागुंतीचा नसेल तर केमो घराजवळ घ्या. सहा महिने दर तीन आठवड्यांनी उलट्या करणाऱ्या माणसाला गाडीत बसवणं सोपं नाही. मुंबईचे डॉक्टर पुष्कळदा स्वतःच लिहून देतात की हे औषध तुमच्या गावी द्या.

जायचं झालंच तर रेल्वेची सवलत घ्या. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत मूळ भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या माणसाला या दोन वर्गांत ७५ टक्के सवलत मिळते. सेकंड एसीत दोघांनाही ५० टक्के. हॉस्पिटलकडून ठरावीक नमुन्यातला दाखला भरून घ्यायचा आणि तो घेऊन आरक्षणाच्या खिडकीवर जायचं. राहण्यासाठी परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आणि दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. दोन्हीकडे हॉस्पिटलचे कागद लागतात आणि जागा लगेच मिळेलच असं नाही, म्हणून पहिल्या रात्रीची सोय वेगळी करून निघा.

पैसे

आयुष्मान कार्डावर देशभर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. गुजरातने जुलै २०२३ पासून ही मर्यादा १० लाख केली. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, त्यांचं कार्ड वेगळं निघतं. चौकशीचा नंबर १४५५५. फसगत होते ती एका ठिकाणी: हॉस्पिटल योजनेत असतं, पण कॅन्सरच्या उपचारांसाठी नसतं. म्हणून "कार्ड चालतं का" एवढंच विचारू नका. "कार्डावर केमो होते का, रेडिएशन होतं का, पेट स्कॅन होतो का" असं एकेक विचारा.

मेडिक्लेम असेल तर केमोला चोवीस तास भरती व्हावं लागत नाही, डे-केअरमध्ये ती बसते. मंजुरी मात्र आधी मागायची. आणि औषधाच्या चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून मागा. तेच औषध दोन-तीन दुकानांत आणि जनऔषधी केंद्रात विचारून बघा. मी स्टोअर्सचा माणूस, तीन कोटेशनं घेतल्याशिवाय मला झोप येत नाही. एका इंजेक्शनाच्या छापील किमतीत आणि प्रत्यक्ष मिळालेल्या भावात इतका फरक निघाला की मी दुकानदाराला दोनदा तारीख तपासायला लावली.

केमोचा दिवस

त्याआधीच दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या, किडलेला दात केमोच्या मधोमध ठणकला तर पंचाईत होते. हिला जे लाल औषध होतं त्याचा हृदयावर भार पडतो, म्हणून सुरुवातीला टूडी एको केला. आदल्या दिवशी रक्ताची तपासणी, तिचे आकडे वहीत.

बाटला चढवायला चार-पाच तास जातात. हलकं खाऊन जा, सैल बाह्यांचा ब्लाउज किंवा शर्ट घाला, शाल न्या, कारण तिथला एसी भर मे महिन्यातही हुडहुडी भरवतो. एक गोष्ट पेशंटला बजावून ठेवा: औषध जाताना सुईच्या जागी जळजळ झाली, दुखलं किंवा सूज आली तर त्याच क्षणी सिस्टरला हाक मारायची. त्यांना त्रास नको म्हणून गप्प बसायचं नाही. लाल औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी आणि आतलं मांस जाळतं. शिरा मिळत नसतील तर पोर्टबद्दल, म्हणजे औषध द्यायला छातीत कातडीखाली बसवतात त्या डबीबद्दल, विचारा.

त्या रात्री लघवी लालसर झाली. हिने घाबरून मला उठवलं. ते रक्त नव्हतं, औषधाचा रंग होता, दीड-दोन दिवसांत जातो. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे लिहितो. पहिले ४८ तास औषध लघवी-उलटीतून बाहेर पडत असतं. संडासाचं झाकण लावून दोनदा पाणी सोडा, उलटी पुसताना हातमोजे घाला, खराब झालेले कपडे वेगळे धुवा. बाकी जवळ बसायला, एका ताटात जेवायला, नातवाला मांडीवर घ्यायला काही हरकत नाही. कॅन्सर लागत नाही.

पहिला आठवडा: उलटी, चव आणि सेव उसळ

उलटीची गोळी उलटी झाल्यावर द्यायची नसते, वेळेवर द्यायची असते. हे मला दुसऱ्या केमोत उमगलं. वहीत वेळा लिहून गजर लावला आणि उलट्या निम्म्याहून कमी झाल्या. त्याच गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, त्याचंही औषध आधीच मागून घ्या. दिवसभरात पाणी किती गेलं ते पेल्यांनी मोजा. चोवीस तास पाणीही ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर वाट बघू नका, फोन करा.

वासाचं म्हणाल तर कुकरची शिट्टी झाली की हिला उमासे यायचे. मी भात अंगणातल्या शेगडीवर करू लागलो आणि गार झाल्यावरच आत आणायचो. गार अन्नाला वास कमी असतो. तोंडाला लोखंडासारखी चव येते, तेव्हा स्टीलचा चमचा बाजूला ठेवा, लाकडी द्या. थोडं लिंबू चालतं, तोंड आलं नसेल तर. ताट वाढून समोर ठेवू नका, डोंगर वाटतो. वाटीभर द्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा वाटीभर: मुगाचं कढण, मऊ भात-वरण, उकडलेलं अंडं, पनीर, नाचणीची पेज. अंगात प्रोटीन जायला हवं, कारण पुढच्या केमोपर्यंत शरीराला भरपाई करायची असते. साखर कॅन्सरला पोसते म्हणून फळं बंद करणारे सल्लागार भेटतील. वजन उतरत असलेल्या माणसाला उपाशी ठेवू नका. मधुमेह असेल तर ती गोष्ट वेगळी, ती डॉक्टरांशी बोला.

दुसऱ्या चक्रात एका संध्याकाळी ही म्हणाली, "सेव उसळ खायची." बडोद्याच्या बाईला केमोतसुद्धा सेव उसळच आठवणार. गाडीवरची शक्यच नव्हती, कच्चा कांदा आणि कुणाच्या हाताचं पाणी. मी आयुष्यात वरणाला फोडणी दिली नव्हती. शेजारच्या बेन ओट्याशी उभ्या राहून सांगत होत्या आणि मी वाटाणा शिजवत होतो. तिखट जवळजवळ नाही, कांदा पूर्ण शिजवलेला, शेव घरची. हिने चार चमचे खाल्ली आणि म्हणाली, "ही उसळ नाही, काढा आहे." वहीत नोंद आहे: सायं. ७.१०, उसळ ४ चमचे, उलटी नाही.

तोंड येऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून गुळण्या करा: उकळून कोमट केलेलं पेलाभर पाणी, पाव चमचा मीठ, पाव चमचा खाण्याचा सोडा, दिवसातून चार-पाच वेळा. ब्रश मऊ, लहान मुलांचा. केस साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळतात. हिने आधीच बारीक कापून घेतले होते, तरी उशीवरची पहिली बट बघून ती ओसरीवर जाऊन बसली. मी उशीचा अभ्रा बदलला. दुसरं काय करणार?

सातवा ते चौदावा दिवस

या भागासाठी खरं तर हा लेख आहे. केमो वेगाने वाढणाऱ्या पेशी मारते, त्यात हाडांच्या मगजातल्या रक्त तयार करणाऱ्या पेशीही येतात. पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात सगळ्यात खाली जातात. नेमकं तेव्हाच माणूस सावरल्यासारखा दिसतो, उलट्या थांबलेल्या असतात, आणि घरचे म्हणतात चला, लग्नाला जाऊन येऊ. कॅलेंडरवर हे आठ दिवस लाल पेनाने चौकटीत घ्या. त्यात लग्न, बाजार आणि सर्दीवाला पाहुणा बंद. पाणी उकळलेलं, फळ सालाचं आणि सोलून, अन्न ताजं. येणाऱ्याने आधी साबणाने हात धुवायचे.

डिजिटल थर्मामीटर घ्या आणि सकाळ-संध्याकाळ तोंडात लावून मोजा, गरम चहानंतर लगेच नको. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला की हॉस्पिटल गाठायचं. रात्र असो, दिवाळी असो. आधी पॅरासिटामॉल देऊन बघायचं नाही, त्याने ताप दबतो आणि आतला जंतू वाढत राहतो. थंडी वाजून हुडहुडी भरली, माणूस गळून गेला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर ताप नसला तरी निघायचं. पांढऱ्या पेशी नसताना जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. शिरेतून अँटिबायोटिक पहिल्या तासाभरात सुरू व्हावं अशी अपेक्षा असते.

आमचा दहावा दिवस. रात्री साडेअकरा, ताप १०१.२. जवळच्या एका दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत गेलो. मी म्हणालो, "ताप आहे." त्यांनी नाव लिहून बाकावर बसवलं, डेंग्यूचे दिवस होते. पाऊण तास गेला. मग मी वही उघडून डॉक्टरांपुढे धरली आणि म्हणालो, "केमोचा दहावा दिवस आहे." ते उठलेच. चूक त्यांची होती तेवढीच माझीही, पहिलं वाक्य मी चुकीचं बोललो. तेव्हापासून हिच्या पाकिटात एक कार्ड आहे: नाव, आजार, केमोची शेवटची तारीख, औषधांची नावं, आपल्या डॉक्टरांचा नंबर, आणि वर गुजरातीत मोठ्या अक्षरांत, "केमो चालू छे, ताव छे". असं कार्ड आजच करा.

पेशी वाढवायची इंजेक्शनं दिली तर ती २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवा. दारात नको आणि फ्रीझरमध्ये अजिबात नको, गोठलं की वाया गेलं. दुकानातून बर्फाच्या डब्यातच आणा. त्या इंजेक्शनांनी कंबर-हाडं दुखतात, ते अपेक्षित आहे.

ऑपरेशन आणि शेक

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सुई नको, बीपीचा पट्टा नको. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सांगतात, तो चुकवू नका. आम्ही भिंतीवर पेन्सिलीने रोजची उंची आखत होतो, लहानपणी मुलांची आखायचो तशी. रेडिएशनला इकडे सगळे शेक म्हणतात. आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे चालतो. कातडीवरच्या खुणा पुसायच्या नाहीत, सुती सैल कपडे घालायचे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेल, पावडर, मलम काही लावायचं नाही.

दुखणं

दुखणं सोसायची पैज नाही. शून्य ते दहा असा आकडा रोज लिहा, डॉक्टरांना "थोडं दुखतं"पेक्षा "सहा, रात्री आठ" जास्त कळतं. मॉर्फिनचं नाव ऐकून घरं हबकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी दिलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही, आणि मॉर्फिन दिलं म्हणजे शेवट आला असंही नाही. त्याने बद्धकोष्ठ होतं, म्हणून सोबत पोट साफ व्हायचं औषध मात्र रोज लागतं. वेदनाशामक उपचारांचे डॉक्टर वेगळे असतात, त्यांना शेवटी नव्हे, त्रास सुरू होताच भेटा. काढे, गोमूत्र, परदेशी रस, यातलं काही द्यायचंच असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. काही वनस्पती यकृतावर ताण आणतात आणि केमोच्या आड येतात. आमच्या ओळखीतल्या एकाने अशाच कुणाच्या भरवशावर तिसरी केमो सोडली. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

येणारे-जाणारे आणि आपण

"काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याला लगेच काम सांगा. भाच्याकडे व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना एकच निरोप टाकायचं काम दिलं, माझे रोजचे पंधरा फोन वाचले. व्याह्यांनी रक्तदात्यांची यादी केली. प्लेटलेट पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, तेव्हा दाता हाताशी लागतो. बहीण पुण्याहून सल्ले द्यायची. तिला दर शुक्रवारी हिच्याशी तासभर गप्पा मारायचं काम दिलं, आजाराचा विषय सोडून. नणंद-भावजय नवऱ्यांच्या चुगल्या करायच्या, हे मला नंतर कळलं.

आपली गोळी आपण चुकवतो. माझं बीपी चौथ्या महिन्यात हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये चक्कर येऊन सापडलं. वहीत मग माझाही रकाना आला. सकाळी सहा ते पावणेसात बेन हिच्यापाशी बसायच्या आणि मी कमाटीबागेत चालायचो. तिथे एक बाक आहे, त्यावर बसून मी पुष्कळ वेळा रडलो. कुणी विचारत नाही, सगळ्यांना वाटतं नाक वाहतंय. झोप उडाली, जीव नकोसा वाटला तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, आपल्या भाषेत. मी एकदा लावला. पलीकडच्या बाईंनी उपाय सांगण्याआधी वीस मिनिटं नुसतं ऐकून घेतलं.

संपल्यावर

शेवटचा शेक झाला त्या दिवशी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही रिकामे बसलो. आता कुठे जायचं नव्हतं, आणि त्याचीच भीती वाटली. ती बहुतेकांना वाटते. सुरुवातीला काही महिन्यांनी तपासणी असते, पुढे अंतर वाढतं. हिची हार्मोनची गोळी निदान पाच वर्षं रोज आहे. त्रास होत नाही म्हणून किंवा त्रास होतो म्हणून, दोन्ही कारणांनी लोक ती मधेच सोडतात. सोडायची नाही, डॉक्टरांशी बोलायचं. केमोने आलेल्या बोटांच्या मुंग्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत, सुईत दोरा मी ओवून देतो.

येत्या सोमवारी तपासणी आहे. उपाशी यायचं नाही म्हणून सांगितलंय. फाईल दारापाशी ठेवली आहे, आणि परतताना उसळ कुठल्या गाडीवर खायची ते हिने ठरवलेलं आहे.